गट साधन केंद्राची समावेशित शिक्षण सेवा : कोकणातल्या पालकांना तिचा किती उपयोग होतो?

पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला लागून ‘गट साधन केंद्र’ अशी पाटी असते. मूल दिव्यांग असलेल्या कितीतरी घरांना ती माहीतच नसते. ज्यांना माहीत असते त्यांना ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं ठिकाण वाटतं. समग्र शिक्षा योजनेतली समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना साध्या शाळेत शिकायला मदत करण्याची, सेवा तालुक्यात याच खोलीतून चालते. तिला फी नाही, आणि पहिल्या भेटीला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही लागत नाही. शाळेशी बोलताना पालकांच्या बाजूला बसणारा जाणकार माणूस फुकट मिळण्याची गावाकडे हीच एक जागा आहे.

रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारी तालुक्यांतल्या पालकांना डोळ्यांपुढे ठेवून या सेवेचं हे परीक्षण केलं आहे. मत आधीच सांगते: सेवा जरूर घ्यावी. मात्र ती आपणहून दारात येत नाही. लेखी मागितली तर महिनाभरात हालचाल दिसते, तोंडी मागितली तर पुढचा जून उजाडतो.

माणूस कोण भेटतो

तालुक्याला विशेष तज्ज्ञ आणि केंद्र (म्हणजे जवळच्या शाळांचा गट) पातळीवर विशेष शिक्षक अशी रचना आहे. विशेष शिक्षक म्हणजे विशेष शिक्षणाची पदविका किंवा बी. एड. केलेला माणूस. त्याचं प्रशिक्षण बहुधा एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वाचं झालेलं असतं: कुणाचं कर्णबधिर मुलांसाठी, कुणाचं बौद्धिक अक्षमतेसाठी. पहिल्याच भेटीत ‘तुमचं प्रशिक्षण कशातलं?’ हे मोकळेपणाने विचारावं, त्यांनाही त्याचं वाईट वाटत नाही. आपल्या मुलाची गरज वेगळी असेल, तर तालुक्यातल्या दुसऱ्या विशेष शिक्षकाची एक भेट मागून घेता येते.

ही माणसं वर्षानुवर्षं कंत्राटावर राबली. २०२४ मध्ये राज्याने ४,८६० केंद्रांसाठी प्रत्येकी एक विशेष शिक्षक अशी पदं निर्माण करायचा निर्णय घेतला. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा, त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, दोन शाळांमध्ये खाडी किंवा घाटी, आणि एसटीच्या फेऱ्या ठरावीक. त्यामुळे एका शाळेला महिन्यातून एक-दोन भेटी झाल्या तरी पुष्कळ. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला १० मुलांमागे १, त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे १. प्रत्यक्ष परिस्थिती त्यापासून लांब आहे. म्हणून विशेष शिक्षक आपल्या मुलाला रोज शिकवील ही अपेक्षा ठेवू नये. शिकवायचं वर्गशिक्षकानेच. कसं शिकवायचं ते विशेष शिक्षकाने दाखवायचं.

भेट चांगली झाली की नुसती झाली, हे ओळखायला सोपी खूण आहे. चांगल्या भेटीत विशेष शिक्षक एक तास वर्गात मागे बसून पाहतो, मुलाशी आणि वर्गशिक्षकाशी बोलतो, आणि शेरेबुकात पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं ते दोन-तीन ओळींत लिहून जातो. नुसत्या भेटीत ऑफिसात चहा होतो, यादीवर सही होते आणि मुलाला पाच मिनिटं बोलावून ‘क’ काढायला सांगतात. पालकाने शेरेबुकातली आपल्या मुलाची नोंद दाखवायला सांगावी. नोंद नसेल तर पुढच्या भेटीची तारीख विचारून त्या दिवशी स्वतः हजर राहावं. पालक हजर असले की भेटीचा दर्जा बदलतो.

अर्ज

वाडीत सगळे ओळखीचे. गुरुजी गणपतीला घरी येऊन गेलेले, बाईंनी आपल्यालाही शिकवलेलं. अशा ठिकाणी कागद द्यायला जीव कचरतो. त्यावर उपाय असा की आधी भेटून सांगावं: ‘तक्रार नाही गुरुजी, गट साधन केंद्राकडून मदत मागवायला तुमच्याही हाताशी कागद लागेल, म्हणून अर्ज देतोय.’ हे खरंही आहे. मुख्याध्यापकाला वर पाठवायला पालकांचा अर्ज उपयोगी पडतो.

मजकूर छोटा असावा. एवढा पुरतो:

‘माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकत आहे. त्याला वाचन व लेखनात अडचणी येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ नुसार त्याला वैयक्तिक सहाय्य मिळावे. विशेष शिक्षकांमार्फत त्याची पाहणी करून, पालकांच्या उपस्थितीत वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करावा व त्याची एक प्रत आम्हाला द्यावी. यूडायस प्लसमध्ये त्याची नोंद विशेष गरजा असलेले बालक म्हणून आहे किंवा कसे, हेही लेखी कळवावे.’

दोन प्रती काढाव्यात. एक शाळेत द्यावी, दुसरीवर तारीख, सही, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच नसलेला अर्ज दिल्यासारखा नाही. शाळेत शिक्का सापडत नसेल तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.

यूडायस प्लस म्हणजे शाळेने मुलांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंदणी. तिची ओळ अर्जातून वगळू नये. मुलाची नोंद तिथे नसेल तर साहित्य वाटपाच्या यादीत, भत्त्यात, भेटींच्या नियोजनात कुठेच त्याचं नाव येत नाही. पुष्कळदा शाळेत सगळ्यांना मूल माहीत असतं, लाडकंही असतं, पण ऑनलाइन माहिती भरताना तो रकाना कोराच राहिलेला असतो. प्रमाणपत्र नाही म्हणून नोंद करत नाही, असं उत्तर मिळालं तर केंद्रातल्या विशेष शिक्षकाकडून पाहणीचा शेरा लिहून घ्यावा आणि प्रमाणपत्राची धावपळ त्याच महिन्यात सुरू करावी.

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते. अर्ज जूनमध्येच द्यावा. जुलैत पाऊस, पुढे गणपती, मग सहामाही आणि दिवाळी. कोकणात ऑगस्टअखेर ज्याचं काम मार्गी लागलं नाही, त्याचं पहिलं सत्र गेलंच म्हणायचं.

प्रमाणपत्राचा टप्पा

वर्गातली मदत मागायला प्रमाणपत्राची अट नाही. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली टिकून राहणारी अडचण) लवकर ओळखून उपाय करणं हे शाळेचंच काम असल्याचं कलम १६ सांगतं. बोर्डाच्या सवलती, भत्ते, शिष्यवृत्ती यांना मात्र प्रमाणपत्र हवंच. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. तपासणी बहुतेक वेळा जिल्हा रुग्णालयात होते, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर पांढरं, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळं आणि त्यावर निळं. कायद्यातले बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून पुढे सुरू होतात.

डोळे, कान, हाडं, मानसोपचार यांचे तपासणीचे वार वेगवेगळे असू शकतात. मंडणगडहून रत्नागिरी गाठायची किंवा दोडामार्गहून ओरोसला जायचं तर दिवस मोडतो. आधी फोन करून वार आणि डॉक्टर हजर आहेत का, दोन्ही विचारूनच निघावं. गावात आलेल्या आरोग्य पथकाने मुलाला आधीच तपासलं असेल, तर त्यांची संदर्भ चिठ्ठी सोबत न्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. या कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच किनारपट्टीवरच्या पालघरमधून झाली. त्या चिठ्ठीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा उपचार आणि फिजिओथेरपीही मागता येते.

सगळ्यात जास्त गुंता अध्ययन अक्षमतेचा. महाराष्ट्राने अशा मुलांना परीक्षेतल्या सवलती १९९६ मध्ये, देशात सगळ्यांत आधी दिल्या. पण त्या तपासणीला मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि बालरोगतज्ज्ञ एकत्र लागतात, आणि ते जिल्ह्यात जुळले नाहीत तर कोकणी घरं अजूनही मुंबईची गाडी पकडतात. प्रमाणपत्र ८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलासाठी दवाखाने पालथे घालू नयेत, त्या दोन वर्षांत वर्गातली मदत मागावी. आठव्या वर्षानंतर मिळालेलं प्रमाणपत्र १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. आठवी-नववीत ही फेरतपासणी विसरली की दहावीच्या फॉर्मच्या वेळी धांदल उडते.

तपासणीला जाताना मुलाच्या मागच्या दोन वर्षांच्या वह्या न्याव्यात, कोऱ्या पानांसकट. आणि घरात कोणती बोली बोलतात हे आधी सांगावं. मालवणी घरातलं मूल ‘का?’ला ‘कित्याक?’ म्हणतं, ‘कुठे?’ला ‘खंय?’. प्रमाण मराठीतला प्रश्न त्याला नीट कळलाच नाही, तर उत्तर चुकतं आणि गुण बुद्धीच्या खात्यात कमी पडतात. बिने-कामत या बुद्धिमत्ता चाचणीत तोंडी प्रश्न बरेच असतात, तिथे हा फरक जड जातो. प्रश्न बोलीत समजावून सांगण्याची विनंती करावी. चांगला मानसशास्त्रज्ञ ती मानतो आणि अहवालात तशी नोंदही करतो.

आराखड्याची बैठक: सेवेचा सगळ्यात कामाचा भाग

पाचपैकी साडेचार गुण द्यावेत असा हा भाग आहे, आणि नेमका हाच सगळ्यात कमी पालक मागतात. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, शिक्षकांच्या तोंडी आयईपी, हा दोन पानांचा कागद. मूल आज कुठे आहे, सत्राअखेर कुठे पोचायचं, कोण काय करणार, कधी तपासणार. कायद्यात आराखडा हा शब्द नाही, वैयक्तिक सहाय्य आणि प्रगतीवर देखरेख असं लिहिलं आहे. म्हणून अर्जात कलम आणि आराखडा दोन्ही लिहायचे.

बैठकीला मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक एवढे पुरेत. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटल्यानंतरची वेळ सगळ्यांना सोयीची पडते. पालकांनी एकट्याने जाऊ नये. मावशी, काका, शिकलेली शेजारीण, कुणीही एक जण लिहून घ्यायला सोबत असावा. बोलणारा आणि लिहिणारा वेगळा असला की काय ठरलं यावर नंतर वाद राहत नाही.

बिघडतं ते उद्दिष्टांत. छापील नमुन्यात ‘वाचन सुधारणे’, ‘संख्याज्ञान वाढवणे’ असं भरून टाकतात. वर्षाअखेर ते झालं की नाही कोण सांगणार? पालकांनी तिथेच थांबवून विचारावं: किती, कधीपर्यंत, कोण बघणार. मग वाक्य असं होतं: ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जोडाक्षरं नसलेल्या, आधी न पाहिलेल्या २० शब्दांपैकी १६ शब्द मदतीशिवाय वाचेल. वर्गशिक्षिका दर शुक्रवारी तपासतील आणि वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहितील.’ गणितात: ‘हातच्याशिवाय दोन अंकी बेरजेची ५ पैकी ४ उदाहरणं चौकटीच्या वहीत सोडवेल.’ ज्याला शौचाला जायचं सांगता येत नाही त्या मुलासाठी ‘चित्र दाखवून सांगेल’ हेही उद्दिष्टच आहे, आणि वाचनाच्या आधीचं आहे. एका सत्राला तीन किंवा चार उद्दिष्टं. दहा लिहिली की एकही होत नाही.

उद्दिष्टांइतकेच वर्गातले बदल लिहून घ्यावेत. ते बिनखर्चाचे असतात, म्हणून तोंडी ठरतात आणि विसरले जातात. वाचताना ओळ चुकणाऱ्या मुलाला ओळीखाली धरायची पुठ्ठ्याची पट्टी. पानावर पंधरा गणितांऐवजी पाच. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी शेजारच्याच्या वहीचा फोटो किंवा झेरॉक्स. लिहिता येत नसेल तिथे तोंडी उत्तर, आणि त्याला पूर्ण गुण.

कोकणातल्या शाळांना आणखी दोन गोष्टी लागू आहेत, छापील नमुन्यात त्या सापडणार नाहीत. पहिली पावसाची. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडताना नीट ऐकू येणाऱ्या मुलालाही बाईंचा आवाज पोचत नाही. श्रवणयंत्र तर आवाजाबरोबर तो कोसळही मोठा करून कानात ओततं, आणि मूल यंत्र काढून दप्तरात टाकतं. शिक्षक समजतात हट्टी आहे. आराखड्यात लिहावं: जोराच्या पावसात सूचना फळ्यावर लिहायच्या, मुलाची जागा शिक्षकापासून मीटर-दीड मीटरवर, बोलताना तोंड मुलाकडे. स्वमग्न मुलांनाही हा आवाज सहन होत नाही. त्यांना त्या वेळी ऑफिसच्या किंवा स्लॅबच्या खोलीत बसायची मुभा ठरवून ठेवावी. दुसरी गोष्ट अंधाराची. जुलैत ढग दाटलेले, वीज गेलेली, फळा करडा पडलेला. कमी दिसणाऱ्या मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवलं की डोळे दिपतात. उजेड पाठीमागून किंवा डाव्या बाजूने यावा, फळा जुलैआधी काळा करून घ्यावा.

लहान शाळांचा एक मोठा फायदा इथे सांगायलाच हवा. वीसच्या आत पट असलेल्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षक मुलाला आतून-बाहेरून ओळखतात, आणि सगळे वर्ग एकत्रच बसत असल्याने तिसरीतल्या मुलाने पहिलीचं पुस्तक वाचलं तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या मोठ्या शाळेत मूल हलवण्याआधी हे तोलून पाहावं.

बैठक संपताना ठरलेल्या गोष्टी अर्ध्या पानात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. पुढची तारीख त्याच कागदावर.

साहित्याचं शिबिर

श्रवणयंत्रं, चाकाच्या खुर्च्या वाटायच्या या शिबिराला पाचपैकी दोन. वस्तू चांगल्या असतात, पण मोजमाप घाईचं होतं आणि पाठपुरावा नसतो. १८ वर्षांपर्यंत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना साहित्य मोफत देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे शिबिर चुकवू नये. फक्त डोळे उघडे ठेवून घ्यावं.

श्रवणयंत्राचा कानातला साचा मूल वाढतं तसा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवतं आणि बंद पडल्यासारखं वाटतं. यंत्र बिघडलेलं नसतं, साचा बदलायचा असतो. समुद्राकाठच्या दमट हवेत यंत्र रात्री सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावं, बॅटरीचं दार उघडं ठेवून. देताना बॅटऱ्या किती आणि पुढच्या कुठून मिळणार हे शिबिरातच विचारून घ्यावं.

चाकाची खुर्ची घेताना मुलाला त्यात बसवून पाहावं. पाय पायदानावर टेकले पाहिजेत, दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली पाहिजे. मोठ्या मापाच्या खुर्चीत मूल एका अंगाला कलतं आणि पाठ वाकडी होते. त्यातही घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असेल तर खुर्ची घरी ठेवण्यात अर्थ नाही, ती शाळेतच ठेवण्याची लेखी परवानगी घ्यावी. पाखाडीवरून मुलाला उचलून आणणाऱ्या माणसासाठी मदतनीस भत्ता मागावा.

रॅम्पचा उतार एकास बारा हवा. पावसामुळे आपल्याकडे शाळेचं जोतं उंच. ते २ फूट असेल तर रॅम्प २४ फूट लांब लागतो. जागा नाही म्हणून आठ फुटांत उरकलेला रॅम्प खुर्चीसाठी घसरगुंडी होतो, आणि ऑगस्टमध्ये त्यावर शेवाळ धरलं की चालणारी मुलंही पडतात. सरळ जागा नसेल तर मधे सपाट टप्पा ठेवून वळवून बांधावा, पृष्ठभाग खरबरीत, दोन्ही बाजूंना कठडा. पैशासाठी ग्रामपंचायतीकडे बघावं. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि हा विषय ग्रामसभेच्या अजेंड्यावर लेखी देऊन घेता येतो.

भत्त्यांबद्दल थोडंच. वर्षाला ३,५०० रुपये ही प्रत्येक मुलामागची योजनेतल्या तरतुदीची कमाल मर्यादा आहे, पालकांच्या हातात पडणारी रक्कम नव्हे. यावरून गैरसमज आणि भांडणं फार होतात. मुलींना महिना २०० रुपये, १० महिने, थेट खात्यात येतात. नववी-दहावीला केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा नावाच्या फरकाने: शाळेच्या रजिस्टरवर एक, आधारवर दुसरं, यूडीआयडीवर तिसरं. तिन्ही ठिकाणचं नाव आधी अक्षर न अक्षर जुळवावं.

गृहाधारित शिक्षण

तीव्र किंवा बहुविकलांग मुलासाठी घरी येऊन शिकवण्याची सोय आहे. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी ती मोलाची. पण हा हक्क पालकांनी मागायचा आहे, शाळेने सुचवून मोकळं व्हायचं नाही. ‘वर्गात ओरडतो, घरीच ठेवा’ असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागावं. बहुतेक वेळा ते लिहून मिळत नाही आणि विषय तिथेच मिटतो. घरचं शिक्षण घेतलं तरी आठवड्यातून एक दिवस, परिपाठापुरतं का होईना, मूल शाळेत जाईल असं आराखड्यात लिहून घ्यावं. पट तिथेच, मित्रही तिथेच.

दहावी आणि १७ नंबरचा फॉर्म

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेलं कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात दर वर्षी राज्यात पहिलं असतं. २०२४ मध्ये निकाल ९९.०१ टक्के लागला. अभिमानाची गोष्ट आहे. पण शंभर टक्क्यांच्या ओढीपायी नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना ‘१७ नंबर भरा’ असं सुचवलं जातं, म्हणजे बाहेरून बसा. दिव्यांग मुलाच्या बाबतीत हे मान्य करण्याआधी सवलती मिळाल्यावर मूल कुठे पोचतं ते पाहावं. कारण सवलती खऱ्याच मोठ्या आहेत. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक. पास व्हायला कमी पडणारे २० पर्यंत गुण, एका किंवा अधिक विषयांत विभागून. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत सूट. अध्ययन अक्षमतेसह २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी पहिलीपासून बारावीपर्यंत कोणती सवलत कुणाला, हे राज्याच्या २०१८ च्या शासन निर्णयात दिलेलं आहे. त्याची प्रत गट साधन केंद्रात मागावी आणि आपल्या मुलाच्या प्रकारासमोरची ओळ वाचूनच अर्ज भरावा.

‘पहिलीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. लेखनिक दहावीच्या पहिल्याच पेपरला प्रथम भेटला तर मूल गोंधळतं. उत्तर सांगायचं, विरामचिन्हं सांगायची, आकृती कुठे हवी ते सांगायचं, ही सवय लागायला वर्ष लागतं. आठवीच्या सहामाहीपासून लेखनिक मागावा. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे दहावीला नववीचा. लहान गावात नववीतली मुलं मोजकी, त्यातलं बरं अक्षर असणारं आणि चार तास बसणारं शोधायला ऑक्टोबरपासून लागावं. एक राखीव पण ठरवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांजिण्या निघतात.

प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. शाळेकडून जावक क्रमांक घ्यावा आणि मंडळाची मंजुरी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावी. परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत असेल तर ती मंजुरी घेऊन आठवडाभर आधी केंद्रसंचालकांना भेटावं: खोली तळमजल्यावर आहे का, जादा वेळेत पर्यवेक्षक थांबणार आहे ना. हे विचारलं नाही की तीन तास झाल्यावर घंटा होते आणि पेपर ओढला जातो.

गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय घेण्याचा पर्याय आहे. घेण्याआधी दोनदा विचार करावा. पुढे डिप्लोमाला दहावीचं गणित लागतं. मुलाचा हात यंत्रात चालत असेल तर कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ घेऊन मूळ गणितच ठेवलेलं बरं.

नकार मिळाला तर

आधी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. प्रत्येक पायरीला पंधरा दिवस द्यावेत आणि मागच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडावी. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांबाबत दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी असतो. नोंदलेल्या तक्रारीची दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. विनाअनुदानित शाळेलाही मान्यता असली की कलम १६ लागू होतंच. शेवटची पायरी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. तक्रार पोस्टाने करता येते.

भेटी झाल्या की नाही हेच कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच: ‘माझ्या मुलाच्या शाळेला विशेष शिक्षकांनी दिलेल्या भेटींच्या तारखा आणि माझ्या मुलाच्या नोंदींच्या प्रती.’ उत्तराला ३० दिवस. विशेष शिक्षकाला आधी सांगून हा अर्ज करावा. पुष्कळदा त्याच्याकडेच प्रवासाला पैसे किंवा वेळ दिलेला नसतो, आणि पालकांच्या अशा अर्जाने त्याचीही अडचण वर पोचते.

आणखी एक दार आहे, त्याला भांडण लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटातल्या पालकांना प्रमाणात जागा द्यायची असते. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मुलं वंचित गटात येतात. समितीची निवड होते त्या पालकसभेला जाऊन नाव सुचवावं. रॅम्प, स्वच्छतागृहाची कडी, फळ्याचा रंग हे विषय तिथेच मंजूर होतात.

दहावीनंतर गट साधन केंद्रातल्या ओळखीच्या माणसांची साथ कमी होते आणि कनिष्ठ महाविद्यालयात मुलाला कुणीच ओळखत नाही. सवलती बारावीपर्यंत चालू असल्या तरी फाइल आपोआप पुढे जात नाही. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला जाल तेव्हा आराखड्यांच्या प्रती, मंडळाच्या मंजुरीपत्राची साक्षांकित झेरॉक्स आणि लेखनिकाच्या परवानगीचा कागद एकाच वेळी मागून घ्या. अकरावीच्या प्रवेश अर्जाबरोबर ते जोडा आणि त्यावरही आवक क्रमांक घ्या.